सोयाबीनचा नमुना ३५एस आणि नॉस निगेटिव्ह आला, तर 'जीएम नाही' असा अहवाल द्यावा का?

दाणेमोजणी

नमस्कार. आमच्याकडे दोन प्रकारचे नमुने येतात. एक, बियाण्याचे लॉट (जेएस ३३५ आणि एमएयूएस ७१ हे वाण). दोन, निर्यातीला जाणारी सोयापेंड. दोन्हींची तणनाशक-सहनशील जीएम सोयाबीनसाठी तपासणी करायची आहे.

सध्याची पद्धत अशी: ५० ग्रॅम दाणे मिक्सरमध्ये दळायचे, २०० मिलिग्रॅम पूड घ्यायची, सीटॅब या रसायनाच्या पद्धतीने डीएनए काढायचा आणि रिअल-टाइम पीसीआरवर (डीएनएच्या प्रती वाढवत मोजणारी चाचणी) ३५एस प्रमोटर आणि नॉस टर्मिनेटर (घातलेलं जनुक सुरू आणि बंद करणारे डीएनए तुकडे) लावायचे. सोबत लेक्टिन जनुक (प्रत्येक सोयाबीनमध्ये असणारं, डीएनए नीट निघाला का ते दाखवणारं), प्रत्येकी तीन वेल (प्लेटमधले खळगे). बियाण्यात लेक्टिनचा सीटी (कितव्या चक्रात सिग्नल उठला तो आकडा) २३ च्या आसपास येतो, पेंडीत २९. ३५एस आणि नॉस बहुतेक सगळीकडे निगेटिव्ह. पेंडीच्या एका नमुन्यात मात्र तीनपैकी एका वेलमध्ये ३५एस ३८.६ ला उठला, नॉस उठला नाही.

हे निकाल 'जीएम नाही' म्हणून कळवता येतील का? त्या ३८.६ चं काय करायचं? आणि रोज पीसीआर परवडत नाही, तर बियाण्यासाठी पट्टी चाचणी किंवा तणनाशकाच्या द्रावणात उगवण चाचणी पुरेशी धरावी का?

जनुकखुणा

नाही, कळवता येणार नाही. सर्वात मोठी अडचण तुमच्या प्रयोगाच्या हाताळणीत नाही, तुम्ही शोधत असलेल्या खुणांमध्ये आहे.

३५एस आणि नॉस ही जोडी जीटीएस ४०-३-२ साठी उत्तम आहे. १९९६ साली अमेरिका आणि अर्जेंटिनात लागवडीला आलेली पहिली राउंडअप रेडी सोयाबीन ती हीच. त्यात फुलकोबीच्या मोझेक विषाणूचा ३५एस प्रमोटर, पिटुनियाच्या जनुकातून घेतलेला क्लोरोप्लास्टकडे नेणारा तुकडा, ॲग्रोबॅक्टेरियमच्या सीपी४ जातीचं ईपीएसपीएस जनुक (ग्लायफोसेट तणनाशक सहन करायला लावणारं) आणि शेवटी नॉस टर्मिनेटर आहे. जगभरातल्या प्रयोगशाळांना ३५एस-नॉसची सवय लागली ती त्या काळात.

पण २००९ पासून अमेरिकेत आलेली दुसरी पिढी, मॉन ८९७८८, वेगळ्या बांधणीची आहे. सीपी४ ईपीएसपीएस तेच, प्रमोटर मात्र फिगवर्ट मोझेक विषाणू आणि अरॅबिडॉप्सिस यांच्या तुकड्यांचा जोड, आणि टर्मिनेटर वाटाण्याचा ई९. यात ३५एस नाही आणि नॉसही नाही. तुमचा नमुना शंभर टक्के मॉन ८९७८८ असता तरी दोन्ही चाचण्या निगेटिव्हच आल्या असत्या. ब्राझीलमध्ये मोठ्या क्षेत्रावर गेलेली इन्टाक्टा म्हणजे मॉन ८७७०१ आणि मॉन ८९७८८ यांचा संकर. मॉन ८७७०१ मध्येही या दोन खुणा नाहीत. डायकांबा सहन करणारी मॉन ८७७०८ तशीच, प्रमोटर शेंगदाण्यावरच्या एका विषाणूचा आणि टर्मिनेटर ई९. २,४-डी सहन करणारी डीएएस-४४४०६-६ हीसुद्धा तुमच्या जाळीतून निसटते.

म्हणून किमान चार खुणा लावा: ३५एस, नॉस, सीटीपी२-सीपी४ईपीएसपीएस (सीटीपी२ हा वाहक तुकडा आणि सीपी४ जनुक यांचा जोड) आणि पॅट (ग्लुफोसिनेट तणनाशक सहन करवणारं जनुक). तिसऱ्या खुणेत मॉन ८९७८८ पकडली जाते. मात्र जीटीएस ४०-३-२ तिथे सापडत नाही, कारण तिच्यात सीपी४ ला जोडलेला वाहक तुकडा वेगळा आहे, म्हणून ३५एस काढून टाकू नका. पॅटमध्ये ग्लुफोसिनेट सहन करणाऱ्या ए२७०४-१२ आणि ए५५४७-१२७ सापडतात, डीएएस-४४४०६-६ सुद्धा. ई९ ची चाचणी जमत असेल तर मॉन ८७७०८ साठी तीही घ्या. इमिडाझोलिनोन सहन करणारी सीव्ही१२७ यातल्या कशातच येत नाही, तिला स्वतंत्र चाचणी लागते.

संदर्भ द्रव्याशिवाय यातलं काहीही सुरू करू नका. जीटीएस ४०-३-२ साठी ईआरएम-बीएफ४१० मालिका आणि मॉन ८९७८८ साठी एओसीएस ०९०६-बी या प्रमाणित पुडी आहेत. प्रत्येक खुणेचा स्वतःचा पॉझिटिव्ह कंट्रोल त्याच प्लेटवर उठला पाहिजे. तो नसेल तर निगेटिव्ह निकालाला अर्थ नाही.

नमुनागणित

खुणांचा मुद्दा वर आला. मी दळण आणि आकड्यांबद्दल लिहितो, कारण तिथेही तेवढीच गळती आहे.

५० ग्रॅम म्हणजे किती दाणे? जेएस ३३५ चे शंभर दाणे सुमारे १२ ग्रॅम धरले तर जेमतेम ४१५. एवढे दाणे शंभर टक्के अचूकपणे तपासून सगळे निगेटिव्ह निघाले, तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की लॉटमधली भेसळ ०.७ टक्क्याच्या आत आहे. हिशोब सोपा आहे: ३ भागिले दाण्यांची संख्या. ०.१ टक्क्याच्या आत असल्याचं सांगायचं असेल तर ३,००० दाणे, म्हणजे ३६० ग्रॅम लागतात. १ टक्क्याच्या आत म्हणायला ३०० पुरतात.

पुढची गळती चमचाभर पुडीत होते. २०० मिलिग्रॅम म्हणजे पावणेदोन दाण्यांचं वजन. ३,००० दाणे दळून त्यातून एवढीच पूड उचलायची असेल तर सगळी भिस्त दळणाच्या बारीकपणावर राहते. कण अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर २०० मिलिग्रॅममध्ये साधारण अडीच हजार कण येतात. भेसळ ०.१ टक्का असेल तर त्यात जीएम दाण्याचे सरासरी अडीच कण असतील आणि शंभरातल्या आठेक वेळा एकही नसेल. कण एक मिलिमीटरचा राहिला तर त्याच वजनात कण फक्त तीनशेच्या आसपास, आणि शंभरातल्या सत्तरहून अधिक वेळा तुमच्या नळीत जीएम कण येणारच नाही. त्यापुढे पीसीआर कितीही चांगला करा.

सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के तेल असतं. मिक्सर सलग चालवला की पूड गरम होऊन लोण्यासारखी भांड्याला चिकटते आणि बारीक होत नाही. दाणे आधी गोठवा, दहा-दहा सेकंदांच्या झटक्यांत दळा, ०.५ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. चाळणीवर राहिलेलं फेकू नका, परत दळा. सालं जास्त टणक असतात, ती टाकली तर नमुना बदलतो. शेवटी सगळी पूड एका मोठ्या डब्यात नीट हलवून त्यातून दोन वेगवेगळे एक-एक ग्रॅमचे अंश घ्या. बफरचं प्रमाण त्याच पटीत वाढवायला विसरू नका.

पुढच्या नमुन्याआधी भांडं साबणाने धुऊन, दहापट पातळ केलेल्या ब्लीचने पुसून, पुन्हा पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. तेलाचा थर राहिला की त्यात आधीच्या नमुन्याची पूड राहते. दळणाची खोली आणि पीसीआर मिश्रण तयार करायची खोली एक असेल तर ते आधी बदला.

लॉटमधून नमुना काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. सोयाबीन स्वपरागी आहे, नैसर्गिक संकर सहसा एक टक्क्याच्याही खाली राहतो. त्यामुळे भेसळ परागातून कमी आणि मळणी यंत्र, पेरणी यंत्र, बारदान, गोदामातली फरशी यांतून जास्त होते. ती लॉटभर सारखी पसरलेली नसते, एखाद्या पोत्यात गठ्ठ्याने असते. दोन पोत्यांत नळी खुपसून काढलेला नमुना म्हणूनच फसवतो. जितक्या जास्त पोत्यांतून थोडं थोडं घ्याल तितकं बरं, आणि प्रत्येक पोत्याच्या वर, मध्ये, तळाशी.

दाणेमोजणी

खूप आभार. खुणांची गोष्ट लक्षातच आली नव्हती. पेंडीत लेक्टिन २९ ला येतो हे ठीक आहे ना? सीटी ३५ च्या आत असल्याने आम्ही डीएनए चांगला समजत होतो.

जनुकखुणा

ठीक नाही. खरं तर पेंडीच्या तुमच्या सगळ्या निगेटिव्ह निकालांचं उत्तर याच आकड्यात आहे.

सोयाबीनच्या एकगुणित जनुकसंचाचं वजन सुमारे १.१३ पिकोग्रॅम आहे. १०० नॅनोग्रॅम डीएनए घातला तर वेलमध्ये सुमारे ८८,००० प्रती येतात. लेक्टिन २३ ला येतो तो याच हिशोबाने. त्यात ०.१ टक्का जीएम असेल तर ८८ प्रती, सहज दिसतात. पेंडीत लेक्टिन सहा चक्रं उशिरा येतो, म्हणजे प्रती चौसष्टपट कमी, १,४०० च्या आसपास. यूव्ही शोषणावर १०० नॅनोग्रॅम दाखवत असला तरी वाढू शकणारा डीएनए तेवढाच आहे. आता ०.१ टक्क्याला वेलमध्ये सरासरी १.४ प्रती, आणि चारपैकी एका वेलमध्ये एकही नाही. वेलमध्ये ९५ टक्के वेळा सिग्नल मिळायला सरासरी तीन प्रती लागतात, म्हणून एका वेलची तुमची शोधमर्यादा ०.२ टक्क्याच्या वर गेली. दुसऱ्या पेंडीत लेक्टिन ३३ ला आला तर ती ३ ते ४ टक्के होईल आणि कागदावर मात्र 'निगेटिव्ह' हाच शब्द असेल.

आधी कारण शोधा. तोच डीएनए चारपट पातळ करून पुन्हा लावा. सीटी बरोबर दोनने वाढला तर अडथळा नाही, डीएनएच तुटलेला आहे. दीडनेही वाढला नाही, किंवा उलट कमी झाला, तर उरलेला सीटॅब, अल्कोहोल किंवा पॉलिसॅकराइड पीसीआरला दाबतंय. तेव्हा ७० टक्के इथेनॉलने डीएनएची गोळी दोनदा धुवा, नीट वाळवा, तरीही तसंच असेल तर स्तंभावरून शुद्ध करा.

तुटलेल्या डीएनएला इलाज मर्यादित. पेंड काढताना हेक्झेन उडवण्यासाठी आणि ट्रिप्सिन-रोधक निकामी करण्यासाठी ती वाफेवर भाजली जाते. त्यात लांब तुकडे टिकत नाहीत. तुमच्या प्रायमरांचा तुकडा १०० बेस जोड्यांच्या आत असावा, दीडशे-दोनशेचा असेल तर बदला. लेक्टिनचा आणि जीएम खुणेचा तुकडा साधारण सारख्या लांबीचा ठेवा, नाहीतर लहान लेक्टिन छान येतो आणि लांब खूण येत नाही. जास्त पूड घेऊन काढलेला डीएनए एकत्र घट्ट करा आणि तीनऐवजी सहा वेल लावा.

३८.६ बद्दल. एका वेलमध्ये एक प्रत आली की सीटी ३८-३९ च्या आसपासच येतो, त्यामुळे 'उशिरा आला म्हणून खोटा' असं धरू नका. तीनपैकी एक वेल उठला याचा अर्थ सरासरी ०.४ प्रती, १,४०० च्या मानाने सुमारे ०.०३ टक्के. ही खरी किंचित भेसळ असू शकते, दळण यंत्रातली धूळ असू शकते, किंवा नमुन्यातल्या मोहरीवर्गीय बियांवर आलेला मोझेक विषाणूही असू शकतो, ३५एस मुळात त्याचाच. नॉस न उठणं यातल्या कशाचाही पुरावा नाही, कारण इतक्या कमी प्रतींना तीन वेल पुरेसे नाहीत. पूड नव्याने घेऊन डीएनए पुन्हा काढा, सहा वेल ३५एसचे आणि सहा जीटीएस ४०-३-२ च्या स्वतःच्या चाचणीचे लावा. ती चाचणी रोपाचा जनुकसंच आणि घातलेलं जनुक यांच्या सांध्यावर बसते, विषाणूला प्रतिसाद देत नाही. सोबत डीएनए काढतानाचा कोरा नमुना (पूड न घालता केलेलं तेच काम) हवाच, फक्त पीसीआरमधलं पाणी पुरत नाही.

टक्केवारी काढायची वेळ आली तर लेक्टिन आणि जीएम खूण यांचे दोन स्वतंत्र प्रमाण आलेख (प्रतींच्या लॉगविरुद्ध सीटी) काढा, उतार -३.१ ते -३.६ च्या दरम्यान असू द्या. इन्टाक्टासारख्या संकरात एका दाण्यात दोन घटना (मॉन ८९७८८ सारखे वेगवेगळे जनुकबदल) असतात. दोन्ही एक-एक टक्का दिसल्या तर जीएम दाणे दोन टक्के आहेत असं मुळीच नाही, ते एकच टक्का असू शकतात. हे अहवालात स्पष्ट लिहा.

तणअभ्यास

पट्टी आणि उगवण चाचणीबद्दल.

पट्टी प्रथिन शोधते, डीएनए नाही. जीटीएस ४०-३-२ आणि मॉन ८९७८८ यांची डीएनए बांधणी वेगळी असली तरी दोघींत सीपी४ ईपीएसपीएस हे एकच प्रथिन तयार होतं. त्यामुळे कच्च्या दाण्यावर सीपी४ ची एक पट्टी दोन्ही पकडते, आणि बियाण्याच्या रोजच्या चाळणीसाठी मला ती ३५एस-नॉसपेक्षा जास्त उपयोगी वाटते. ग्लुफोसिनेट किंवा डायकांबा सहनशील वाण मात्र तिला दिसत नाहीत. पेंडीवर पट्टी लावू नका. भाजलेल्या पेंडीत प्रथिन विरघळण्याजोगं आणि ओळखण्याजोगं उरत नाही, पट्टी कायम निगेटिव्ह येईल.

३,००० दाणे एकत्र दळून एक पट्टी लावण्यापेक्षा ३००-३०० चे दहा गट करा. पट्टीची क्षमता साधारण हजारात एक दाणा अशी असते, ३०० चा गट तिच्या आवाक्यात राहतो आणि संख्याही कळते. दहापैकी दोन गट पॉझिटिव्ह आले तर भेसळीचा अंदाज ०.०७ टक्के, आणि ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा ०.२४ टक्के. दहाच्या दहा आले तर अंदाज काढताच येत नाही, तेव्हा ५०-५० चे नवे गट करा. शुद्ध जीएम दाण्याचा अर्क घट्ट असला की रेघ उलट फिकट पडते. शंका आली की अर्क दहापट पातळ करून पुन्हा पट्टी लावा. नियंत्रण रेघ उमटली नाही तर ती पट्टी बाद.

उगवण चाचणी कशावर चालते ते आधी. ग्लायफोसेट वनस्पतीच्या ईपीएसपीएस विकराला अडवतं. फिनाइलअ‍ॅलनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन बनायचं थांबतं आणि शिकिमिक आम्ल साचत जातं. सीपी४ विकराला ग्लायफोसेट चिकटत नाही, म्हणून जीएम रोप चालूच राहतं. द्रावणाने भिजवलेल्या उगवण कागदात साध्या सोयाबीनचं मूळ आखूड राहतं, उपमुळं फुटत नाहीत, अंकुराचा देठ जाडसर होतो. सहनशील रोपाला भरपूर उपमुळं येतात. द्रावणाची तीव्रता तुमच्या वाणावर स्वतः ठरवा: साध्या पाण्यापासून चढत्या पाच-सहा तीव्रता, प्रत्येकी ५० दाण्यांचे चार संच, २५ अंश तापमान. ज्या तीव्रतेला जेएस ३३५ च्या एकाही रोपाला उपमुळं येत नाहीत पण उगवण टिकते, ती निवडा. कमी जोमाचं जुनं बियाणं साध्या पाण्यातही आखूड मुळं देतं, त्यामुळे पाण्याचा संच प्रत्येक लॉटबरोबर हवाच.

एखाद्या रोपाबद्दल शंका उरली तर पानाच्या चकत्या वापरा. चार मिलिमीटरच्या चकत्या, निम्म्या ग्लायफोसेट घातलेल्या फॉस्फेट बफरमध्ये आणि निम्म्या नुसत्या बफरमध्ये, सोळा तास उजेडात ठेवा. मग गोठवून, हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर पंधरा मिनिटं, पिरियोडेट, शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड आणि सल्फाइट, आणि ३८० नॅनोमीटरला शोषण. साध्या सोयाबीनमध्ये शिकिमिक आम्ल ठळक साचतं, सहनशील रोपात जवळजवळ नाही. कोमेजलेल्या पानातही ते साचत नाही, म्हणून ताजी, वाढती पानंच घ्या आणि जेएस ३३५ ची चकती शेजारी ठेवा.

आणि हे कटाक्षाने पाळा: शंकास्पद दाणे शेतात किंवा कुंडीत बाहेर पेरून वर ग्लायफोसेट मारून बघू नका. भारतात जीएम सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, आणि पर्यावरण कायद्याखालचे १९८९ चे नियम अशा रोपांना लागू होतात. उगवण चाचणी बंद कक्षात करा, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला आधी कळवा, वाचलेली रोपं आणि कागद ऑटोक्लेव्ह करूनच टाका. ग्लायफोसेटचा वापरही २०२२ च्या अधिसूचनेने कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला आहे.

नमुनागणित

अहवालाच्या भाषेबद्दल एवढंच. 'जीएम-मुक्त' हा शब्द वापरू नका. काय शोधलं, कुठल्या मर्यादेपर्यंत शोधलं आणि किती दाण्यांतून, हे तिन्ही लिहा. उदाहरणार्थ: '३,००० दाण्यांच्या नमुन्यात ३५एस, नॉस, सीटीपी२-सीपी४ईपीएसपीएस व पॅट या खुणा आढळल्या नाहीत, या नमुन्यासाठी शोधमर्यादा ०.०५ टक्के.' ती मर्यादा त्या नमुन्याच्या लेक्टिनवरून काढलेली असावी, पद्धतीच्या पुस्तकातून उतरवलेली नको.

पेंडीच्या ग्राहकाला विचारा, त्याला कुठली मर्यादा हवी आहे. युरोपात मंजूर घटनांची अपघाती भेसळ ०.९ टक्क्यापर्यंत असेल तर लेबल लागत नाही, आणि ही टक्केवारी सोयाबीन या घटकाच्या तुलनेत मोजतात, संपूर्ण खाद्याच्या नव्हे. भारतात अन्नपिकांच्या आयातीसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ पासून १ टक्का मर्यादा लावली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये १२ लाख टन जीएम सोयापेंड पशुखाद्यासाठी आयात करायला परवानगी मिळाली होती, त्यामुळे 'भारतात जीएम सोयाबीन पिकत नाही म्हणजे पेंडही तशी नसणार' हा तर्क धरून चालू नका. पेंड कुठल्या गिरणीची, त्या गिरणीत किंवा गोदामात आयात माल आला होता का, हे नमुना घेतानाच नोंदवून ठेवा.

दाणेमोजणी

समजलं. बियाण्याला दहा गटांत सीपी४ पट्टी, पॉझिटिव्ह गटाला पीसीआर. पेंडीला फक्त पीसीआर, चार खुणा, सहा वेल. लेक्टिन किती उशिरा आला तर नमुना नाकारायचा?

जनुकखुणा

ग्राहकाच्या मर्यादेवरून उलटा हिशोब करा. ०.९ टक्के ठरवायचा असेल तर त्याच्या दहाव्या भागाला, ०.०९ टक्क्याला, प्रत्येक वेलमध्ये किमान तीन प्रती असू द्या. म्हणजे वेलमागे सुमारे ३,३०० प्रती, तुमच्या उपकरणावर लेक्टिन २८ च्या आत. त्याहून उशिरा आला तर आधी चारपट पातळ करून अडथळा तपासा, मग जास्त पुडीतून डीएनए पुन्हा काढा. तरीही २८ च्या आत आला नाही तर 'विश्लेषणायोग्य नाही' असं लिहून नमुना परत करा, निगेटिव्ह लिहू नका.